कॅटमरानचा एकच डोंगा पाण्याने भरतोय? सिलिकॉन लावायच्या आधी हे तपासा

"भाऊ, एकच बाजू भरून राहिली गा, पाणी कोठून येऊन राहिलं तं समजूनच नाही राहिलं."

हा फोन मला गेल्या सहा वर्षांत इतक्यांदा आलाय की पुढचं वाक्यही पाठ झालंय, सिलिकॉनच्या तीन ट्यूबा संपवल्या तरी पाणी येतंच. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं तर हेच पाठवता येईल आणि कोणाच्या ट्यूबाही वाया जाणार नाहीत.

मी पवनीकडचा, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरच्या काठाला आमचं पुनर्वसनाचं गाव. अकरा वर्षं गोव्यात एका यार्डात फायबरचं काम केलं, जास्त करून शिडाच्या कॅटमरानांवर. म्हणजे दोन लांब अरुंद बोटी समांतर ठेवून मध्ये डेकने जोडलेल्या, महासागर पार करणाऱ्या, ४० फुटांच्या आसपासच्या. यार्डात त्यातल्या एकेका बोटीला हल म्हणतात, आमच्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, लोकांच्या तोंडी डोंगा हाच शब्द, मी इथे डोंगाच लिहितो. गावी आल्यावर प्लायवूड आणि फायबरची २० फुटी दोन डोंग्यांची शिडाची बोट बांधली, मग सोसायटीतल्या लोकांसाठी आणखी तीन. त्यामुळे फोन दोन्हीकडून येतात, समुद्रावरच्या जुन्या ओळखीच्यांचे आणि इथल्या धरणावरच्यांचे, आणि दुखणं दोघांचं एकच असतं.

लक्षणं

बोट एका अंगावर बसलेली दिसते, पण हे लांबून नाही कळत, शेवाळाची रेघ बघा. एका डोंग्यावर ती रेघ पाण्याखाली गेलेली आणि दुसऱ्यावर दोन बोटं वर उघडी पडलेली असेल तर समजून जा. चालवताना बोट एका बाजूला पटकन वळते, दुसरीकडे वळवायला सुकाणू जड लागतं. लाटेत एकच नाक खुपसतं, दुसरं आरामात वर येतं. बोट थांबवली की आतून डबडब आवाज येतो, पाणी पुढून मागे आणि मागून पुढे पळत असतं. मोठ्या कॅटमध्ये, म्हणजे कॅटमरानमध्ये, बुडाशी साचलेलं पाणी काढणारा बिल्ज पंप आपोआप चालू होतो, आधी दिवसातून एकदा, मग दोनतीन तासांनी, आणि बरेच लोक इथेच चुकतात, पंप पाणी काढतोय ना मग चांगलंय असं धरून चालतात. पंप वारंवार चालू होणं हेच मोठं लक्षण आहे. शिवाय गादीखाली ओल, कपाटात बुरशी, फळ्यांखाली कुबट वास. आणि शेवटचं, डेकवर एखादी जागा पायाखाली दबते किंवा नाण्याने ठोकलं की टणटण न वाजता बद्द वाजते. हे शेवटचं दिसलं तर खालचं सगळं वाचा पण हत्यार हातात घेऊ नका, त्याचं कारण पुढे येईलच.

एवढं मनावर का घ्यायचं

साध्या एका डोंग्याच्या समुद्री शिडाच्या बोटीला खाली शिशाचा नाहीतर लोखंडाचा जड कील असतो, ती आडवी झाली तरी तो वजनाने तिला परत उभी करतो. कॅटला असं वजन नसतं, तिचा सगळा तोल दोन डोंग्यांमधल्या अंतरावर असतो, म्हणूनच ती हलकी, म्हणूनच वेगवान, म्हणूनच ती फार कलत नाही. पण वाऱ्याकडचा डोंगा एकदा पाण्याबाहेर उचलला गेला की तिथून पुढे तिला सावरणारी ताकद कमी कमीच होत जाते आणि उलटली तर उलटीच तरंगत राहते. आता ज्या डोंग्यावर वारा आधीच दाब देतोय त्याच डोंग्यात दोनचारशे लिटर पाणी असेल तर विचार करा.

हवाईची होकुलेआ नावाची दोन डोंग्यांची बोट १९७६ मध्ये कसलंही यंत्र न वापरता, ताऱ्यांवर आणि लाटांवर नजर ठेवून ताहितीला पोचली होती. तीच बोट १९७८ च्या मार्चमध्ये हवाईहून पुन्हा निघाली, वारा जोराचा, लाट मोठी, सामान भरपूर, एका डोंग्यात पाणी शिरलं आणि पहिल्याच रात्री ती मोलोकाई बेटाच्या दक्षिणेला उलटली. मदत आणतो म्हणून एडी आयकाऊ हा सर्फर आपल्या बोर्डवर किनाऱ्याकडे निघाला, तो परत आलाच नाही. बाकीचे वाचले. यार्डात कामाला लागलो तेव्हा मला हे एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं होतं आणि तेव्हापासून एका बाजूचं पाणी म्हटलं की मी गंमतीवारी घेत नाही.

हिशोबही करून ठेवा, सोपा आहे. माझ्या बोटीचा एकेक डोंगा ६ मीटर लांब, पाण्याच्या रेषेवर अर्धा मीटर रुंद, टोकं निमुळती धरून २ चौरस मीटर. म्हणजे डोंगा १ सेंटीमीटर खाली बसला की आत साधारण २० लिटर आलेलं आहे. चार बोटं खाली दिसला की दीडशे लिटर, म्हणजे दोन मोठी माणसं तुम्ही न बघता बोटीत येऊन बसली. १२ मीटरच्या कॅटला हेच सेंटीमीटरला ९०-१०० लिटर पडतं, म्हणून मोठ्या बोटीत पाणी शेकड्याने असतं आणि दिसतं मात्र बोटभर.

सगळ्यात आधी एकच प्रश्न: पाणी उभ्या बोटीत येतं की चालत्या?

यासाठी पैसा लागत नाही. डोंगा पूर्ण कोरडा करा, मग्ग्याने, नंतर स्पंजने, नंतर जुन्या सुती फडक्याने, शेवटी माझ्याकडे तर कूलरचा पंखा पाणी न टाकता हॅचवर, म्हणजे डोंग्यात उतरायच्या झाकणाच्या तोंडावर, लावून ठेवतो, एप्रिल-मेमध्ये एका दिवसात आतलं लाकूड खडखडीत होतं. मग बोट २४ तास न हलवता बांधून ठेवा आणि आलेलं पाणी लिटरच्या मापाने मोजून काढा. मग परत कोरडी करून दोन तास चालवा आणि परत मोजा. वहीत लिहा, तारखेसकट.

उभ्या बोटीत येत असेल तर भोक पाण्याच्या रेषेखाली आहे, नाहीतर पाऊस-दव वरून येतंय. फक्त चालताना येत असेल तर वरचे जोड, डॅगरबोर्डची पेटी (ती काय ते पुढे येतं), सुकाणूचं बेअरिंग नाहीतर बीमचे, म्हणजे दोन डोंगे जोडणाऱ्या आडव्या वाशांचे, बोल्ट. पंक्चर काढणारा ट्यूब आधी घमेल्यात बुडवून बुडबुडे बघतो आणि मगच ठिगळ लावतो, आपण मात्र बोट दिसली की आधी ठिगळ लावायला घेतो. एवढ्या एका मोजणीने निम्मी शोधाशोध वाचते, आणि फोन करणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच ती केलेली नसते.

पाणीच आहे की वजन?

हेही फुकटात. बॅटऱ्या, पाण्याची टाकी, इंजिन, जाळी, बर्फाचा डबा हे सगळं एकाच बाजूला सरकलेलं असतं आणि माणूस भोक शोधत बसतो. कॅटला वजन अजिबात सोसत नाही, डोंगे अरुंद असल्यामुळेच ती लाट कापत पळते आणि त्या अरुंदपणामुळेच थोड्या वजनाने जास्त बुडते. सगळं सामान उतरवा आणि मग रेघ बघा. दोन्ही डोंगे सारखेच खाली बसले असतील आणि बोट समुद्रावरून आणलेली असेल तर घाबरू नका, खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड असतं, तीच बोट धरणात थोडी खोल बसणारच.

चव बघा

समुद्रावर हे पहिलं काम. आत साचलेल्या पाण्यात हाताचं बोट बुडवून जिभेला लावा, खारट असेल तर बाहेरून आलंय, गोड असेल तर पाऊस, पाण्याची टाकी, फ्रीजचं पाणी नाहीतर दव. फक्त डिझेलचा वास येत असेल तर चव नको. आमच्याकडे धरणाचं पाणीही गोडंच, त्यामुळे जीभ काही सांगत नाही, मग मी रंग वापरतो, बोटीवरच्या पिण्याच्या टाकीत जिलबीचा खायचा रंग टाकायचा आणि आत पिवळं येतं का बघायचं.

दवाला कमी लेखू नका. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पाण्यावर धुकं बसतं, डोंगा बंद असेल तर आतल्या छतावर थेंब जमून खाली उतरतात, आठवड्यात लिटरभर पाणी नुसतं असं साचलेलं मी बघितलंय. ते पाणी बुडाशी सारखं पसरलेलं असतं, त्याला ओघळ नसतो.

बुच, हॅच आणि त्यांची रबरं

दहावीस रुपयांचं काम आणि माझ्या अनुभवात इथल्या बोटींमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोषी हेच. आमच्या उन्हात रबर दोन उन्हाळ्यात कडक होतं, नखाने दाबलं तर खळगा पडत नाही. रबराच्या कडेला खडू लावा, झाकण बंद करून उघडा, झाकणावर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे, जिथे तुटली तिथून पाणी.

ह्याच्यामागे आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही. बंद डोंग्यातली हवा दुपारी तापून फुगते आणि कुठूनतरी बाहेर निघते. संध्याकाळी ३० अंशांनी थंड झाली तर साधारण दहावा हिस्सा आकसते आणि तेवढी हवा परत आत ओढते. झाकणाच्या खाचेत पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणीच ओढलं जातं. मेमध्ये काठावर तापलेली बोट एकदम थंड पाण्यात ढकलली तर हे दहा मिनिटांतच होतं. म्हणून डोंग्याला पावसापासून झाकलेलं, खाली वाकवलेलं छोटं श्वासाचं नळकं ठेवावं लागतं आणि बोट पाण्यात घालायच्या आधी हॅच थोडा वेळ उघडे ठेवावे लागतात. माझ्या तिसऱ्या बोटीचं पाणी नुसत्या ह्या नळक्याने थांबलं.

पंपाची नळी

पंपाचं तोंड बाहेर पाण्याच्या रेषेजवळ असेल तर बोट कलल्यावर ते बुडतं आणि पंप बंद झाल्यावर तेच पाणी सायफनने उलटं आत येतं. पंप काढतो, नळी परत आणते, रात्रभर हेच चालू. नळी पाण्याच्या रेषेच्या बरीच वर नेऊन वळवा आणि त्या वळणावर हवा घ्यायचा व्हेंट ठेवा. नुसत्या एकतर्फी व्हॉल्व्हवर भरवसा नको, त्यात एक काडी अडकली की संपलं.

पाइप घेऊन डेक तपासा, पण खालून वर

आता दोन माणसं लागतील. एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाण्याचा पाइप घेऊन. धार जोराची नको, पाऊस पडतो तशी. सुरुवात खालच्या जोडापासून, म्हणजे डोंगा आणि डेक जिथे चिकटवलेत ती शिवण, मग खिडक्या, मग क्लीट म्हणजे दोरी अडकवायचे खुंटे, मग कठड्याचे खांब, असं वर वर जायचं आणि एकेका जागी दहा मिनिटं थांबायचं. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्या जोडांवरून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळतच नाही.

आतल्या माणसाने बुडाशी आणि भिंतीला कोरड्या रांगोळीचा पट्टा ओढून ठेवायचा, पांढऱ्या रांगोळीवर पहिला थेंब पडला की राखाडी ठिपका दिसतो आणि ओघळ वरच्या अंगाला कुठे जातो ते बोटाने मागे मागे शोधता येतं. एकदा आमच्या मामाच्या बोटीत मी असाच पालथा पडून होतो, आत भट्टीसारखं गरम, हॅचमधून फक्त पाय बाहेर. पाणी साचत होतं सगळ्यात मागे, सुकाणूपाशी, मामा दोन वर्षं तिथेच पुट्टी लावत होता. रांगोळीचा ठिपका मात्र पडला पुढून चौथ्या हातावर, कठड्याच्या खांबाच्या बोल्टखाली. तिथून थेंब आतल्या लाकडी पट्टीच्या वरच्या कडेवर उतरायचा, पट्टीवरून सरकत सरकत आठ फूट मागे जायचा आणि मग खाली पडायचा. मामा काही बोलला नाही, फक्त त्या बोल्टला दोन बोटांनी धरून हलवून बघत बसला. बोल्ट हलत होता.

असा बोल्ट सापडला तर वरून सिलिकॉन फासू नका, हात जोडून सांगतो. बोल्ट काढा, भोक थोडं मोठं करा, वाळवा, जाड केलेल्या इपॉक्सीने भरा, सुकल्यावर नेमक्या मापाचं भोक परत पाडा, पीयू सीलंट लावून आतून रुंद वायसरसकट बसवा. सिलिकॉन लावलेल्या जागी पुढे ना रंग धरत ना रेजिन, म्हणजे फायबर घट्ट करणारं रसायन, पुढच्या माणसाला ते सगळं घासून काढण्यातच दिवस जातो. आणि आतून तर कधीच बुजवू नका. आतून बुजवलं की पाणी थांबलेलं दिसतं, पण ते फायबरच्या दोन थरांमध्ये अडकून बसतं आणि तिथला बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लायवूड कुजवतं. समुद्राच्या मिठात लाकूड जरा टिकतं, आपल्या गोड्या पाण्यात लवकर कुजतं.

डॅगरबोर्डची पेटी आणि कील

डॅगरबोर्ड म्हणजे आडव्या वाऱ्यात बोट बाजूला सरकू नये म्हणून डोंग्यातून खाली सोडायची उभी फळी. ती ज्या पेटीतून जाते ती पेटी बुडाशी चिकटवलेली असते आणि फळी चालताना आत हिसके देते. फळी वर घेऊन एक फेरी, फळी खाली सोडून दुसरी, दोन्हीचं पाणी वेगळं मोजा, फरक दिसला तर पेटीचं बूड तडकलंय.

समुद्रावरच्या बऱ्याच क्रूझिंग कॅटना फळीऐवजी छोटा ठरीव कील असतो, तोल धरणाऱ्या वजनाचा नव्हे, तो डोंग्याला बाहेरून जोडलेला, म्हणजे खडकावर आपटला तर तो तुटावा पण डोंगा शाबूत राहावा. तरी आपटल्यावर जोड बघायचाच. आमच्याकडे खडक नाहीत पण बुडालेली झाडं आहेत. माझी बोट एकदा आमच्या जुन्या गावच्या आंब्याच्या खुंटावर चढली होती, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते खुंट हातभर खाली असतं. त्या झाडाखाली लहानपणी खेळलोय, जागा डोळे मिटून सांगेन, तरी शिडाकडे बघता बघता त्यावर गेलोच. पेटीची कड केसाएवढी फाटली होती, बाहेरून रंगामुळे दिसली नाही, रांगोळीने दाखवली.

सुकाणू आणि इंजिनचा सील

मोठ्या कॅटला दोन सुकाणू, बहुतेक वेळा दोन इंजिनं. सुकाणूचा दांडा जिथून आत येतो तिथलं बेअरिंग झिजलं की वेगात असताना पाणी उसळून आत येतं. हाताने सुकाणूचं पातं बाजूला हलवून बघा, खटखट लागली तर झीज आहे. सेलड्राइव्ह असेल, म्हणजे इंजिनचा पाय सरळ बुडातून खाली गेलेला असेल, तर तिथला मोठा रबरी पडदा बनवणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीत बदलायचाच, चांगला दिसतोय म्हणून पुढे ढकलायचा नाही. हे काम बोट पाण्याबाहेर घेऊन करायचं आणि जाणकारानेच करायचं. कारण साधं आहे, पाण्याखाली ६० सेंटीमीटरवर २५ मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला ६० लिटरच्या आसपास पाणी येतं आणि तासाला २,००० लिटर काढणारा पंप मिनिटाला काढतो फक्त ३३.

बीमचे बोल्ट, इथे खरी गोम असते

कॅटमरान हा शब्दच तमिळ कट्टुमरममधून आलाय, कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. बांधलेली लाकडं. सगळं दुखणं त्या बांधणीत आहे. दोन डोंगे कधीच एका लाटेवर नसतात, डावा चढत असतो तेव्हा उजवा उतरत असतो, आणि मधले बीम दर लाटेला पिळले जातात. बोल्ट घट्ट असतो तोवर ठीक, एकदा भोक अर्धा मिलिमीटर मोठं झालं की बोल्ट आत खेळायला लागतो, दर हेलकाव्याला भोक थोडं वाढतं आणि पाणी आत पंप केल्यासारखं ढकललं जातं. वरून ब्रिजडेक, म्हणजे दोन डोंग्यांमधलं डेक, पाण्यापासून फार उंच नसेल तर लाट खालून थपडा मारते, ते हादरेही ह्याच जोडात जातात.

इंग्रज बोटबांधणारा जेम्स व्हॅरम १९५५-५६ मध्ये २३ फूट ६ इंचांच्या दोन डोंग्यांच्या बोटीने अटलांटिक पार करून त्रिनिदादला पोचला आणि पुढे त्याने बीम बोल्टऐवजी दोरीने बांधायची पद्धत चालवली, पॉलिनेशियन लोक बांधायचे तशी. दोरी थोडी देते आणि परत जागेवर येते, भोक मोठं होत नाही. मी माझ्या दुसऱ्या बोटीपासून दोरीवर आलो, पॉलिस्टरची दोरी, नायलॉन नाही कारण नायलॉन ताणतं. मोठ्या फायबरच्या कॅटला हे चालत नाही, तिथे बीम आणि बल्कहेड, म्हणजे डोंग्यातल्या आडव्या भिंती, अंगातच घडवलेले असतात.

आमच्याकडे लाटेपेक्षा जास्त नुकसान काठावर होतं. मागच्या जानेवारीत बोट संध्याकाळी काठाला लावली, एक डोंगा गाळावर टेकलेला, दुसरा पाण्यात. रात्रीतून पाणी वीतभर उतरलं, सकाळी एक नाक वर आणि दुसरा डोंगा खाली लोंबकळत, सगळी बोट पिळवटलेली. त्या दिवसापासून उजवा डोंगा पाणी घ्यायला लागला. म्हणून बोट नेहमी तरंगती बांधा, नाहीतर दोन्ही डोंगे पूर्ण वर ओढा.

तपासायचं कसं: टेपने दोन कर्ण मोजा, डाव्या नाकापासून उजव्या शेपटीपर्यंत आणि उजव्या नाकापासून डाव्या शेपटीपर्यंत. बांधली तेव्हाचं माप वहीत असावं. दोन्हीत पूर्वी नव्हता एवढा फरक आला असेल तर बोट वाकडी झालीये. तिथेच थांबा. पाना घेऊन बोल्ट आवळत बसू नका, आवळल्याने प्लायवूड दबतं आणि खरी भेग झाकली जाते.

तरीही सापडत नसेल तर हवेची परीक्षा

बोट काठावर घ्या, सगळी झाकणं लावा, श्वासाचं नळकं बुजवा, एका हॅचमधून इलेक्ट्रिकवाल्याकडचा धूळ उडवायचा छोटा ब्लोअर हलकेच लावा आणि बाहेरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. बुडबुडे आले की तिथे भोक. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चुकूनही लावू नका, डेकची अख्खी शिवण उघडते, एकाची उघडलेली मी बघितलीये. काही जण डोंग्यात पाणी भरून बाहेरून गळती बघतात, तेही वीतभराच्या वर नको, एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन आणि डोंगा बाहेरून आत येणारा दाब सोसायला बांधलेला असतो, काठावर आतून बाहेर पडणारं वजन सोसायला नाही.

पॉलिस्टर रेजिनचं काम स्वतः करणार असाल तर एक सांगतोच, हार्डनर आणि कोबाल्ट (रेजिन लवकर जमावं म्हणून घालायचं द्रव) कधीही एकमेकांत थेट मिसळायचं नाही, भडका होतो. कोबाल्ट आधी रेजिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. आमच्या उन्हाळ्यात दुपारी रेजिन डब्यातच जमतं, पहाटे करा. घासताना मास्क लावा, काचेची धूळ असते ती.

कुठे थांबायचं

नाण्याने ठोकल्यावर तळहातापेक्षा मोठी जागा बद्द वाजते. बल्कहेड आणि डोंग्याच्या भिंतीमधली फायबरची पट्टी सुटलेली दिसते. बीमच्या मुळाशी, शिडाच्या खांबाखाली किंवा त्याच्या तारा जिथे बांधल्यात त्या चेनप्लेटपाशी भेग आहे. कर्णांची मापं बदललीत. बुडाला फोड आलेत, गोड्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या जुन्या फायबरला ते लवकर येतात, आणि फोडल्यावर आंबट वासाचं पाणी निघतं. ह्यातलं एकही दिसलं तर बोट पाण्यात घालायची नाही आणि स्वतः उघडायचीही नाही. पाण्याच्या टाक्या नाहीतर गाडीचे बंपर करणारा फायबरवाला आपल्याकडे मिळतो, हाताने चांगला असतो, पण बीमचा जोर कुठे जातो हे त्याला माहीत असायचं कारण नाही, त्याच्यावर हे काम टाकू नका. मुंबई-गोव्याकडचा बोट सर्व्हेयर किंवा बोटयार्डचा माणूस बोलवा, सगळे मिळून खर्च वाटून घ्या, आम्ही चार बोटींचा एकत्र बोलावला होता.

आणि पाण्यावर असताना पाणी वाढतच असेल, पंपाला आवरत नसेल, तर भोक शोधायच्या आधी मदत मागा. समुद्रावर व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६, किंवा कोस्ट गार्डचा १५५४. धरणावर ११२. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचं, शीड उतरवायचं, माणसं आणि वजन कोरड्या डोंग्यावर हलवायचं, बोट काठाकडे वळवायची. आणि बोटीला धरून राहायचं, उलटली तरी ती तरंगते, पोहत काठ गाठायला जायचं नाही.

जाणकाराला फोन कराल तेव्हा एवढं हाताशी ठेवा: उभ्या बोटीत २४ तासांत किती लिटर, चालत्या बोटीत तासाला किती लिटर, दोन्ही कर्णांची मापं, रांगोळीवरच्या ठिपक्याचा फोटो, आणि आतापर्यंत कुठे कुठे काय फासलंय ते, सिलिकॉनसकट, काहीही न लपवता.